‘आई गं’ मराठीत धरलं जायचं

शाळेत असताना टोकन माझ्याकडे एकदाही आलं नाही, याचं सिस्टरना फार कौतुक होतं.

टोकन म्हणजे एक लाकडी चकती. बशीएवढी, वरच्या बाजूला भोक, त्यात सुतळी ओवलेली, आणि मधोमध लाल रंगात काढलेला मोठा ‘व्ही’. व्हर्नाक्युलरचा व्ही. प्रत्येक वर्गाची चकती वेगळी होती. शाळेच्या आवारात जी मुलगी मराठीत किंवा हिंदीत बोलताना सापडेल तिच्या गळ्यात ती जायची. मग तिनं दुसऱ्या कुणाला तरी पकडायचं आणि टोकन तिच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. शेवटची घंटा होताना ज्या मुलीच्या गळ्यात ते असेल ती दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर ते घालून स्टेजवर उभी राहायची. कुणी मारायचं नाही, कुणी रागवायचंही नाही. राष्ट्रगीत होईपर्यंत फक्त उभं राहायचं. मी तेवढा वेळ आपल्या बुटांकडे बघायचे.

माझं इंग्रजी फार चांगलं आहे असा, टोकन एकदाही न आल्यामुळे, शाळेत समज झाला होता. खरं तर मी बोलायचेच नाही. विचारलं तर ‘येस मिस’, नाहीतर मान हलवायची. आम्ही पंचवटीत राहायचो. आजोबा आणि काका गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंचे विधी करायचे, वडील सरकारी कचेरीत होते, आणि मुलीला नदीपलीकडच्या सिस्टरांच्या शाळेत घालायचं हे वडिलांनी घरातल्या सगळ्यांशी भांडून ठरवलं होतं. आमच्या गल्लीतल्या बाकीच्या मुली नगरपालिकेच्या शाळेत जायच्या. संध्याकाळी मी बसमधून उतरून गल्लीत शिरले की त्या खेळ थांबवायच्या. “आल्या बघा मड्डम.” एकदा त्यांतल्या एकीनं अगदी साळसूदपणे विचारलं, “ए मड्डम, लगोरीला इंग्रजीत काय म्हणतात गं?” मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. मी घरात निघून गेले, आणि त्यानंतर खेळायला बोलावण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंनी मिटला. म्हणजे गल्लीत मी इंग्रजी येणारी म्हणून गप्प होते आणि शाळेत इंग्रजी फारसं न येणारी म्हणून. दोन्हीकडे कुणाला यात काही वावगं वाटलं नाही.

सातवीत एक नवी मुलगी आमच्या वर्गात आली. माझं बाक अर्धं रिकामं होतं म्हणून तिला माझ्याजवळ बसवलं. तिचे वडील निफाडकडच्या एका खेड्यात मराठी शाळेत शिक्षक होते. त्यांची बदली नाशिकजवळ झाली आणि ते शहरातल्या एका वसाहतीत राहायला आले. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर होतं. पुस्तकातलं इंग्रजी ती स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून वाचायची, जणू प्रत्येक शब्द धुऊन वाळत घालते आहे. फक्त पुस्तक मिटलं की तिचं इंग्रजीही मिटायचं.

पहिल्याच दिवशी मुलींनी तिला आडनाव विचारलं, आणि तिनं सांगितल्यावर एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. त्या संध्याकाळी घरी मी नव्या मुलीबद्दल सांगितलं तेव्हा काकूनंही आधी तेच विचारलं, आडनाव काय तिचं. मी ‘माहीत नाही’ म्हणाले.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “तुझी वेणी लय भारी हाय.”

माझ्याशी शाळेत आपण होऊन कुणी बोलायचं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी हसले. तेवढ्यात आमच्या मागच्या बाकावरून टोकन आलं आणि तिच्या गळ्यात पडलं. मागच्या बाकावर मॉनिटर बसायची. शहरातल्या एका डॉक्टरांची मुलगी, उंच, नाटकात नेहमी राणी व्हायची. तिच्याभोवती चारपाच जणींचा घोळका असायचा. त्या दिवसापासून नव्या मुलीचं नाव ‘लयभारी’ पडलं. “लयभारी, पास द डस्टर.” “लयभारी, व्हॉट इज इन युअर डबा?” ‘डबा’ म्हटलं तर चालायचं, कारण ते मॉनिटर म्हणायची.

तरी लयभारी हुशार होती. पहिल्या काही दिवसांतच तिनं माझी रीत उचलली आणि बोलणंच बंद केलं. विचारलं तर ‘येस मिस’. आमचं बाक वर्गातलं सगळ्यात शांत बाक झालं. आम्ही पुस्तकात बोट ठेवून एकमेकींना दाखवायचो, डब्यातलं एकमेकींच्या झाकणात ठेवायचो. तिच्या आईच्या हातची शेंगदाण्याची कोरडी चटणी मला फार आवडायची. याला मैत्री म्हणावं का हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, पण सकाळी बसमध्ये बसल्यावर मी त्या बाकाचाच विचार करायचे.

मग एकदा बाकाचं झाकण तिच्या बोटांवर पडलं आणि ती म्हणाली, “आई गं.”

टोकन तेव्हा मॉनिटरच्या मैत्रिणीकडे होतं. तिनं ते लगेच पुढं केलं. लयभारीनं पहिल्यांदाच वाद घातला, मोडक्या इंग्रजीत, की मी बोलले नाही, मला लागलं. हे बोलणं नव्हे. प्रकरण क्लासटीचरपर्यंत गेलं. मिस तरुण होत्या, गोव्याकडच्या. त्यांनी क्षणभर विचार केला, मग हसल्या आणि म्हणाल्या की ‘आई’ हा मराठी शब्द आहे ना, मग झालं. लागलं की ‘आऊच’ म्हणायचं. त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. पण तिथं ठरून गेलं. ‘आई गं’ मराठीत धरलं जाणार.

पुढं दोनचार दिवस मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला तोच खेळ झाला. एकमेकींना चिमटे काढायचे आणि ‘आऊच’ म्हणायची सवय करायची. एकजण ‘आऊच गं’ म्हणाली. मग त्यातलं ‘गं’ मराठी की नाही यावर भांडण लागलं, आणि अर्धं इंग्रजी असल्यामुळे तिला सोडून द्यावं असं ठरलं. सगळ्या हसत होत्या. मीसुद्धा भिंतीशी उभी राहून हसले. लयभारीही मन लावून शिकत होती. स्वतःच्या दंडाला चिमटा काढून ‘आऊच’ म्हणत होती. पण स्वतः काढलेला चिमटा वेगळा.

हे मॉनिटरच्याही लक्षात आलं. त्यानंतर टोकन दिवसभर कुणाकडेही असलं तरी शेवटच्या तासाला ते मागच्या बाकावर यायचं. आधी कंपासपेटीच्या पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज व्हायचा. मग लयभारी दचकायची. मिस फळ्याकडे वळलेल्या असायच्या. करकटकाचं टोक पाठीत बसलं की तिच्या तोंडून ‘आई गं’ निघायचं, आणि मिस वळून बघेपर्यंत टोकन तिच्या गळ्यात असायचं. मागून दबलेलं हसू. “मिस, शी स्पोक मराठी.” आणि ते खरंच असायचं.

मी तिच्याशेजारी बसलेली असायचे. झाकणाचा आवाज मलाही ऐकू यायचा. मी वहीत बघायचे. तिला कोपरानं खुणावलं तर मागून दिसलं असतं. मिसना सांगायचं तर उभं राहावं लागलं असतं, तोंड उघडावं लागलं असतं आणि लांबलचक इंग्रजी वाक्यं करावी लागली असती. ती मी रात्री अंथरुणात करायचे, व्याकरणासकट, आणि सकाळी ती घशाखाली गेलेली असायची. एकदा मागच्या बाकावरच्या मुलींनी करकटक माझ्या पाठीतही टोचून पाहिलं. माझा आवाजच फुटला नाही. मग त्यांचा माझ्यातला रस संपला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीशी लयभारीनं मला विचारलं. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून मराठीत. “तुला दुखलं नाय?”

“दुखलं.”

“मग?”

मी सांगितलं की झाकणाचा आवाज आला की मी श्वास धरून ठेवते. तिनं तसं करून पाहिलं. जमलं नाही. ती म्हणाली, “माझ्या तोंडात ते आधीच आलेलं असतंय.”

अशी ती सकाळमागून सकाळ स्टेजवर उभी राहू लागली. उन्हाळा चढायला लागला होता, द्राक्षाच्या गाड्या रस्त्यानं जायच्या, आणि ती तिथं गडद निळा स्वेटर घालून उभी असायची. तिला थंडी फार वाजते असं वर्गात सगळ्या म्हणायच्या. मलाही तसंच वाटलं होतं.

एकदा शाळा सुटल्यावर मी बसथांब्यावर उभी होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पँटच्या पायाला सायकलची क्लिप लावलेले एक गृहस्थ शाळेच्या फाटकातून बाहेर आले, सायकल हातात धरून माझ्याजवळ थांबले आणि सावकाश जुळवून इंग्रजीत म्हणाले की तू माझ्या मुलीजवळ बसतेस ना. मी मराठीत ‘हो’ म्हटलं. त्यांनी दचकून फाटकाकडं पाहिलं, आणि मला खुणेनं थोडं पुढं, कडुनिंबाच्या पलीकडं बोलावलं. माझ्या गळ्यात टोकन पडू नये म्हणून. हे मला घरी गेल्यावर कळलं.

झाडाआड गेल्यावर ते मराठीत बोलायला लागले. शिक्षकाची नीट मराठी, पण मधूनच गावाकडची. सिस्टरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. मुलगी अभ्यासात चांगली आहे, पण मराठीची सवय सुटत नाही; वर्गात तिच्यामुळे इतरांवर परिणाम होतो; या महिन्यात सुधारणा दिसली नाही तर वर्ष संपल्यावर दाखला घेऊन जा आणि मराठी शाळेत घाला, तिथं ती सुखात राहील. सिस्टरांनी हे अगदी गोड बोलून सांगितलं होतं.

“दिवाळीपासून घरी आम्ही मराठी बंदच केली, बाळ,” ते म्हणाले. “तिच्या आईला सांगितलं, पोरगी घरी आली की तू बोलू नकोस. तिला इंग्रजी येत नाय. मग ती नुसतं ताट वाढते. मी बोलतो इंग्रजीत. पण जेवणापर्यंत माझं संपून जातं.” ते थोडंसं हसले. “मग रेडिओ लावतो. तरी पोरगी इथं येऊन मराठी बोलते. कुणाशी बोलते? तुझ्याशी बोलते का?”

“नाही.”

“मग कुणाशी? खरं सांग.”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. झाकण, करकटक, ‘आई गं’, मिस काय म्हणाल्या ते. आयुष्यात एका दमात मी इतकं कधी बोलले नव्हते, आणि ते मराठीत होतं म्हणून भराभर येत गेलं. बोलताना मला हलकं वाटत होतं. आता हे माझ्याकडून एका मोठ्या माणसाकडे गेलं, आता ते बघतील.

ते ऐकताना सायकलच्या घंटीवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, “रक्त येतं?”

“थोडं.”

“म्हणून स्वेटर,” ते म्हणाले. “आम्हाला म्हणाली, शाळेचा नियम आहे. बारा महिने घालायचा. तिच्या आईनं दुसरा विणायला घेतला.”

मी म्हणाले, मी सिस्टरना सांगते, तुम्ही बरोबर चला. मी असं खरंच म्हणाले. ते बरोबर असते तर मी बोलले असते. त्यांनी फाटकाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सायकलचं तोंडही तिकडं वळवलं. मग पुन्हा सरळ केलं.

“नको,” ते म्हणाले. “मी आता जाऊन तक्रार केली, तर डॉक्टरांची मुलगी शाळेतच राहील आणि माझी जाईल. वर म्हणतील, आल्या आल्या भानगडी सुरू यांच्या. आमच्या लोकांबद्दल असं म्हणायला वेळ लागत नाय. तिला इथं शिकायचंय. तू हे कुणाला सांगू नकोस, बाळ.”

बस येताना दिसली. ते घाईनं म्हणाले, “तू तिच्याजवळच बसशील ना? जागा बदलू नकोस.”

मी नाही बदलणार म्हणाले.

त्यानंतर घरी काय झालं ते मला माहीत नाही. एवढंच दिसलं की दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला झाकण वाजलं, लयभारीची पाठ ताठ झाली, आणि आवाज आला नाही. मागून पुन्हा टोचलं असावं, कारण बाक हलकेच हललं. ती फळ्यावरचं उतरवून घेत होती. ओळ वाकडी झाली नाही. घंटा झाली तेव्हा टोकन मॉनिटरच्या मैत्रिणीच्या गळ्यात होतं आणि ती रडकुंडीला आली होती. पुढच्या आठवड्यातही तेच झालं. करकटकाचा मग सगळ्यांना कंटाळा आला. सिस्टरनी प्रार्थनेच्या वेळी तिला स्टेजवर बोलावलं, या वेळी शाबासकी द्यायला, आणि सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिची शाळा वाचली होती आणि मला वाटत होतं की त्यात माझा काही वाटा आहे.

त्या दिवशी डबा खाताना मी तिच्या झाकणात पुरणपोळीचा तुकडा ठेवला. तिनं तो परत माझ्या डब्यात ठेवला.

“बाबांना तू सांगितलंस,” ती म्हणाली. मराठीत, आवाज न लपवता. कुणी ऐकलं असतं तर टोकन आलं असतं.

मी म्हणाले, त्यांनी विचारलं.

“विचारू दे ना. त्यांना माहीत नव्हतं तोवर बरं होतं. शाळेला निघताना मी म्हणायची ‘गुड मॉर्निंग बाबा’, ते म्हणायचे ‘गुड मॉर्निंग’. आता ते मला फाटकापर्यंत सोडायला येतात. मी आत जाते तोवर माझ्या पाठीकडं बघत राहतात. आणि तरी सोडून जातात. रोज त्यांना ते करावं लागतंय.”

मी तिच्या बाजूनं बोलले होते असं मला वाटत होतं. बोलले होते ते अशा एकाच माणसाजवळ, ज्याला काही करता येणार नव्हतं आणि ज्याच्यापासून ती ते जिवापाड झाकून ठेवत होती. मॉनिटरला, मिसना, सिस्टरना मी काहीच म्हणाले नव्हते. त्यांच्यासाठी मी अजूनही टोकन कधी न मिळालेली शहाणी मुलगी होते.

तिनं मिसना सांगितलं की मला लांबून फळा दिसत नाही. मिसनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. माझं बाक पुन्हा अर्धं रिकामं झालं. मी दप्तर मधोमध ठेवून पाहिलं, मग एका कडेला ठेवलं. ती स्वेटर घालायची थांबली होती, एवढं पाठमोरं दिसायचं.

दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. तिचं इंग्रजी सुधारत गेलं, मग चांगलं झालं, मग माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. वक्तृत्व स्पर्धेत तिला बक्षिसं मिळाली. मॉनिटरच्या घोळक्यात ती कधी गेली नाही, पण त्या तिला आता नावानं हाक मारायच्या. समोर आलो की ती मला ‘हाय’ म्हणायची, इंग्रजीतलं. मी मान हलवायचे. आम्ही भांडलो नाही, अबोलाही धरला नाही. शेंगदाण्याच्या चटणीचा वास कधी पहिल्या रांगेतून यायचा, आणि मी माझा डबा लवकर संपवून बाहेर जायचे. बाहेर जाऊन मी काय करायचे हे आठवत नाही. बहुतेक नळापर्यंत जाऊन परत यायचे.

दहावीच्या निकालाच्या दिवशी ते फाटकाशी भेटले. तिचे वडील. केस बरेच पांढरे झाले होते. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तो ते शिपायापासून सिस्टरांपर्यंत सगळ्यांपुढे धरत होते. मला पाहून ते थेट माझ्याकडे आले. या खेपेला फाटकाकडं न बघता मराठीत बोलले.

“बाळ, पहिल्या वर्गात आली. इंग्रजीत शाळेत दुसरी.”

मी पेढा घेतला.

“त्या वर्षी मी रात्र रात्र जागा राहिलो,” ते म्हणाले. “मनाला एकच आधार होता की शेजारी तू आहेस. तिला विचारायचो, ती मैत्रीण बसते ना गं जवळ? म्हणायची, हो बाबा, रोज. चार वर्षं एका बाकावर काढली तुम्ही. कोण करतं एवढं?”

ती थोड्या अंतरावर मिसशी बोलत उभी होती. तिनं आमच्याकडं पाहिलं. ते काय बोलत असतील हे तिला कळलं असावं, कारण ती बोलता बोलता थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी त्यांना म्हणाले, “हो, काका. एकाच बाकावर.”